चादरीचं देणं

बँकेचं कर्ज हप्त्यांनी फिटतं. नातेवाइकांचं आहेरात, मानपानात फिटतं, निदान फिटल्यासारखं वाटतं. पण नॉटिंगहॅमच्या एका निवृत्त रंगाऱ्याचं जे देणं माझ्या डोक्यावर आहे ते कशानं फेडायचं हे मला कळलेलं नाही, कारण हा गृहस्थ काही घेतच नाही. पुरणपोळी करून नेली, तर एक घास खाल्ला आणि उरलेली कागदी रुमालात नीट गुंडाळून खिशात ठेवली. ती त्यांच्या कुत्रीनं आवडीनं खाल्ली असं पुढच्या भेटीत कळलं. त्यांनीच सांगितलं, खोटं बोलायची त्यांना सवय नाही. सामानाचे पैसे पुढे केले की कानांवर हात ठेवतात. म्हणून निदान हे लिहायला घेतलं. त्यांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा संकोचाचाही प्रश्न नाही. नाव लिहीत नाही. घरात आम्ही त्यांना रंगारीकाका म्हणतो, तेच इथेही.

मी भोकरदनकडची, शेतकऱ्याची मुलगी. फिजिओथेरपी शिकले आणि नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडात, नॉटिंगहॅमला आले. लढायांचे खेळ खेळणाऱ्यांची ही पंढरी आहे याची मला गंधवार्ता नव्हती. गावातल्या लेन्टन भागात गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आहे. वॉरहॅमर नावाचा जो खेळ जगभरची पोरं खेळतात, तो तिथून निघतो. आजूबाजूलाही इंचभर उंचीचे सैनिक ओतणाऱ्या कंपन्या आहेत. माझ्या मुलाला शाळेत याची लागण झाली आणि एका संध्याकाळी तो मला चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या क्लबात ओढून घेऊन गेला. मोठमोठी टेबलं, त्यांवर पसरलेले सैनिक, हातात मोजपट्टी आणि फासे घेतलेले पोक्त पुरुष. पट्टीनं अंतर मोजायचं, तेवढंच सैन्य पुढे सरकवायचं, फासे टाकायचे, मेलेले उचलून बाजूला ठेवायचे. त्या हॉलमध्ये मी एकटीच बाई होते आणि मुलाखेरीज एकटीच सावळी.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले एक म्हातारे उठून जवळ आले. मी काय करते ते विचारलं. फिजिओथेरपिस्ट म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "मग तू आपल्यातलीच." या छंदाचे आद्यगुरू डोनाल्ड फेदरस्टोन हेही फिजिओथेरपिस्टच होते. साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाच्या खेळाडूंचे गुडघे सांभाळायचे आणि घरी येऊन लढाया मांडायचे. त्यांचं 'वॉर गेम्स' हे पुस्तक 1962चं. काकांनी ते शाळकरी वयात वाचनालयातून आणलं होतं. परत केलं की नाही, हा विषय ते टाळतात.

काकांनी आयुष्यभर लोकांच्या भिंती आणि छतं रंगवली. त्यामुळे असेल, पण सैनिकांपेक्षा त्यांचा जीव जमिनीवर. क्लबातल्या बहुतेक टेबलांवर छापील मॅट असायच्या: रबरी, गुळगुळीत, वर गवताचा फोटो. त्यांच्याकडे ते तुच्छतेनं बघायचे. त्यांच्या मते ते जमिनीचं चित्र होतं, जमीन नव्हे. सैनिक विकत मिळतात, जमीन करावी लागते आणि ती आधी करावी लागते. एच. जी. वेल्सनं 1913 साली 'लिटल वॉर्स' लिहिलं, त्यात घरातल्या फरशीवर पुस्तकं आणि ठोकळे मांडून मुलूख उभा केला. त्याच्याही शंभर वर्षं आधी, 1812 साली, राइसविट्झ नावाच्या प्रशियन सरदारानं आपल्या राजाला खेळायला टेबल करून दिलं. त्याची जमीन सुट्या चौकोनी तुकड्यांची, मांडाल तशी मांडावी अशी. हे सगळं काका अशा थाटात सांगत की ही सगळी मंडळी त्यांच्याच हाताखाली कामाला होती.

मुलाला मॅट हवी होती आणि तयार मॅटची किंमत ऐकून मी गप्प बसले होते. पुढच्या वेळी काका पिशवीतून एक घडी घेऊन आले. रंगकाम करताना फर्निचरवर टाकतात ती जाड सुती चादर. त्यांच्या धंद्यातली. धुऊन स्वच्छ केलेली, पण पांढऱ्या, बदामी, निळसर रंगांचे थेंब कायमचे मुरलेले. कुणाकुणाच्या बैठकीच्या खोल्या तिच्यावर सांडल्या होत्या. त्या थेंबांकडे बोट दाखवून ते म्हणाले, हे सगळं आता मातीखाली जाणार.

त्यांच्या गॅरेजमध्ये काम चाललं. प्लायवूडच्या फळीवर चादर ताणून कडेनं स्टेपल मारायचे, कारण ओला थर सुकताना कापडाला ओढतो आणि कडा वळतात. मग सीलंट. दाराखिडक्यांच्या चौकटी आणि भिंती यांमधल्या फटी बुजवायला नळीत मिळतं ते. ते अ‍ॅक्रिलिकच हवं. सिलिकॉनचं आणलंत तर त्यावर रंग धरत नाही आणि सगळी मेहनत मातीत जाते. बादलीत सीलंट, तपकिरी इमल्शन आणि चाळलेली वाळू. पाणी जवळजवळ नाहीच. पाणी जास्त झालं की सुकताना तडे जातात. हे मिश्रण चादरीवर हातभर पट्ट्यापट्ट्यांनी थापायचं आणि गवंड्याच्या पत्र्यानं इतकं पातळ ओढायचं की कापडाची वीण बुजेल पण कापड वाकेल. साय धरायच्या आत जुन्या ब्रशनं टोचून टोचून खडबडीत करायचं, वरून लाकडाचा भुसा, बारीक खडी भुरभुरायची आणि तळव्यानं दाबायची.

पत्रा मला जमेना. शेवटी तो बाजूला ठेवला आणि हातानंच अर्धगोल ओढत सुटले, बोटं जुळवून, मनगट सैल सोडून. आजीच्या अंगणात सारवण जसं घालायचे तसं. काका बघत राहिले. मग त्यांनीही पत्रा ठेवला आणि हातमोजे काढले. त्यांचा उजवा खांदा वर उठताना थबकतो, हे मला तेव्हाच दिसलं. वर्षानुवर्षं छतं रंगवणाऱ्या माणसाच्या खांद्याचे स्नायुबंध कसे झिजतात हे मी रोज बघते. बोलले मात्र नाही. पहिल्या ओळखीत कुणाच्या खांद्यावर बोलू नये.

ती पहिली मॅट हिरवी होती, इंग्लंडातल्या कुरणासारखी. मुलाचं काम झालं. माझं झालं नाही.

गॅरेजमधल्याच एका संध्याकाळी काकांनी विचारलं, तुझं गाव कुठलं. मी जालना सांगितलं, भोकरदन सांगितलं. या गावांची नावं ऐकून इथे कुणाचा चेहरा हलत नाही, त्याची सवय झालेली. काका खुर्चीतून उठलेच. "म्हणजे असईजवळ?" मी चाट पडले. असई आमच्यापासून मोटारसायकलच्या अंतरावर आहे आणि तिथे मोठी लढाई झाली एवढंच मला ठाऊक होतं. काकांना सगळी पाठ. 23 सप्टेंबर 1803. एकीकडे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दुसरीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांचं सैन्य, शंभराच्या आसपास तोफा आणि पोलमन नावाच्या हॅनोव्हरकडच्या माणसानं कवायत शिकवलेल्या पलटणी. वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्लीला म्हातारपणी विचारलं की लढाईत तुमच्या हातून सगळ्यात चांगलं काय घडलं, तर त्यानं असईचं नाव घेतलं. बर्नार्ड कॉर्नवेलनं 1998 साली 'शार्प्स ट्रायम्फ' कादंबरी लिहिल्यापासून तर असई इथल्या खेळाडूंना तोंडपाठ आहे. आणि क्लबात असईची लढाई अनेकदा झाली होती, पण कशावर? हिरव्या कुरणावर.

काकांना ते खटकत होतं. त्यांनी मला कामाला लावलं. त्यांचे प्रश्न असे: सप्टेंबरच्या शेवटी तिकडे शेतात काय उभं असतं? किती उंच? नदीचं पाणी कोणत्या रंगाचं? शेताच्या मधे कुंपण असतं की आणखी काही? पुस्तकांत पलटणींचे नंबर मिळतात, हे मिळत नाही.

मला तरी कुठे येत होतं? मी शेतात वाढले, पण शेताकडे पाठ करून. मी वडिलांना फोन लावला.

आमचे दादा बोलणारे नाहीत. फोनवर "जेवलीस का, पोरगं बरंय का, ठेवू का" एवढ्यावर आटपतं. मी विचारलं, "दादा, सप्टेंबर संपता संपता आपल्याकडं रानात काय असतं?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "कोणत्या रानात? नदीकाठच्या का माळाच्या?" आणि सुरू झाले. बाजरी कणसात भरलेली, माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. ज्वारी निसवलेली. कापूस कमरेला. मूग-उडीद काढून झालेले, म्हणजे तेवढं रान मोकळं. शेतांच्या मधे कुंपण कुठलं, धुरे. धुऱ्यावर बोरी, बाभळी, लिंब. नदी गढूळ, पण पावसाचा जोर ओसरला असेल तर उतार सापडतो. "आन् लढाई व्हायच्या आधी पाऊस पडला होता का, ते बघ. पडला असंल तं तोफा रुतणार." मी फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता. आईनं मागून विचारलेलं ऐकू आलं, कुणाशी एवढं बोलताय.

त्यानंतर हे नित्याचंच झालं. काकांचा प्रश्न माझ्यामार्फत जालन्याला, दादांचं उत्तर माझ्यामार्फत नॉटिंगहॅमला. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पण दोघांचं एकमेकांबद्दलचं मत चांगलं आहे. "त्या रंगाऱ्याला समजतंय," असं दादा म्हणाले. हे प्रशस्तिपत्र त्यांनी माझ्या पदवीलाही दिलेलं नाही.

वेलस्लीचा उतार शोधण्याचा किस्सा मी दादांना सांगितला. वाटाडे म्हणत होते की केळणा नदीला जवळपास उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं तर दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. इंग्रजी नकाशात त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर. त्यानं ताडलं, समोरासमोर गावं आहेत म्हणजे मधून ये-जा असणारच. सैन्य तिकडून उतरलं. लष्करी इतिहासात हे मोठं बुद्धीचं काम म्हणून सांगतात. दादा म्हणाले, "त्यात काय? लेकीबाळी पलीकडं दिल्यात, त्या काय उडून येतात?"

रंगाचं मात्र फोनवर जमेना. मी दुकानातून तपकिरी डबा आणला, काकांनी नाकारला. त्यांच्या डोक्यात भारत म्हणजे पिवळी धूळ. त्यांचा पिवळा डबा मी नाकारला. काळी माती म्हणून काळा रंग लावला, तर ते डांबर दिसायला लागलं. काका म्हणाले, मूठभर माती घेऊन ये. पण ब्रिटनमध्ये परदेशातून माती आणायला बंदी आहे. रोगकिडीच्या भीतीनं असलेला तो नियम शहाणपणाचाच आहे. मग काकांनी धंद्यातला उपाय काढला. नाताळच्या सुट्टीत मी गावी निघाले तेव्हा त्यांनी मला रंगाच्या दुकानातली शेड-कार्डं दिली. रुंद पंख्यासारखी उघडणारी, करड्या-तपकिरी रंगांच्या चौकोनांची. या देशात रंगांना नावं काय ठेवतात! त्यातल्या एकाचं नाव चक्क 'हत्तीचा श्वास' होतं.

असईला मी, भाऊ आणि दादा गेलो. दादा बरोबर येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आधीच गाडीत जाऊन बसले होते. नदीकाठी मी उकिडवी बसून मातीवर कार्ड धरलं. एक चौकोन, दुसरा चौकोन, सावलीत, उन्हात. थोड्याच वेळात माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ताई, घराला रंग द्यायचाय का?" भाऊ म्हणाला, "हिला मातीचा रंग विलायतेला न्यायचाय." म्हाताऱ्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट तो म्हणाला, "मंग इथं काय बघता, ही गाळाची. खरी बघायची तं नांगरलेल्या रानात चला." दादा आणि तो पुढे, आम्ही मागे. वाळलेलं ढेकूळ कार्डावर धरलं तर राखुंडी, कडेला किंचित तांबूस झाक. दादांनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. "आता बघ. तुझी लढाई सप्टेंबरची आहे ना, तव्हा रान असं असतं." माती डोळ्यांदेखत गडद झाली आणि एका चौकोनाला जाऊन भिडली. मी तिथे पेनानं खूण केली: ओली. दुसऱ्या चौकोनावर: वाळलेली. कार्डाला चिखलाचं बोट लागलं. तेवढी माती विमानतळावर कुणी पाहिली नाही, आणि पाहिली असती तरी मी ती पुसून टाकली असती असं कबूल करायला तयार नाही.

मग मॅट. दुसरी चादर, तीही काकांचीच. सहा फूट बाय चार. इंचाला चाळीस यार्ड धरले, म्हणजे चार फुटांच्या रुंदीत मैलभर जमीन बसते. दक्षिणेच्या कडेनं केळणा, उत्तरेच्या कडेनं जुई नदी, मधे ती जमिनीची जीभ जिच्यावर सगळं घडलं. सैनिक सहा मिलिमीटरचे. या हिशोबात माणूस जमिनीच्या जवळजवळ पाचपट मोठा पडतो, म्हणून असई गाव दोन घरांचं. तिसरं घर ठेवलं तर गाव मैदान गिळतं. बाजरीसाठी काथ्याचं पायपुसणं आणलं आणि कात्रीनं चौकोन कापले. नारळाचा काथ्या तिकडून इकडे पाय पुसायला आला होता, त्याचं आम्ही पीक केलं. धुरे जाड दोऱ्याचे. नदीला आधी मातकट रंग, वर चकचकीत वार्निशचे हात. एका कोपऱ्यात थर जाड बसून भेगा पडल्या तर काका खूश, म्हणे अगदी भारत! मी म्हटलं, या भेगा मे महिन्यातल्या. सप्टेंबरात माती फुगून मिटलेली असते. त्यांनी निमूटपणे त्या बुजवल्या. शेवटी पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून सगळीकडे फवारा, म्हणजे भुसा झडत नाही. जमिनीचा चढ-उतार हवा तर चादरीखाली काही सरकवायचं. काकांकडे वॉलपेपरच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तकं होती. असईची पूर्वेकडची चढण फुलाफुलांच्या वॉलपेपरवर उभी आहे.

एक मोह झाला, तो लिहितेच. केळणेचा काठ थोडा उंच केला, उतार थोडा अरुंद केला, तर वेलस्ली पलीकडेच अडकेल. कुणाला कळलंही नसतं. काकांना माझ्या हाताची दिशा कळली. ते म्हणाले, जमीन करणाऱ्यानं कोण जिंकणार याचा विचार करायचा नाही. तो विचार करायचा असेल तर सैनिक हलवायला बस. आणि मग म्हणाले, शिंद्यांच्या बाजूनं मी खेळतो.

तसं ते खेळले. मुलाकडे वेलस्ली. इंग्रज पलटणी नदी उतरून बाजूनं आल्या तेव्हा काकांनी पोलमननं केलं तेच केलं: दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली अख्खी फळी पूर्वेकडे काटकोनात वळवली, डावी बाजू असई गावाला टेकवून. एवढ्या सैन्याला तोफांसकट असं वळवणं हे कवायतीचं काम होतं. मराठे ते करू शकतील असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. टेबलावर ते बघताना माझा ऊर भरून आला हे खरं. मुलानं त्याच्या 74व्या हायलँडर पलटणीला गावाच्या तोफांच्या तोंडी दिलं, जसं त्या दिवशी चुकीच्या वाटेनं गेलेल्या तुकडीमागे जाऊन झालं होतं. खऱ्या लढाईत त्या पलटणीचे बहुतेक सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले, आणि इंग्रज बाजूची एकूण दीड हजारावर माणसं कामी आली किंवा घायाळ झाली. टेबलावर निकाल लागला नाही. दहा वाजले, हॉलची चावी द्यायची होती. एकानं कुरकुर केली की बाजरी इतकी उंच नसते, यातून पलटण दिसलीच नाही. काका म्हणाले, तिच्या वडिलांना फोन लावू का?

खांद्याचं मी अखेर बोललेच. आता आठवड्यातून एकदा मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. हात लोंबता सोडून झुलवायचा, बोटांनी भिंतीवर चढत जायचं. भिंतीचा व्यायाम ते करत नाहीत. म्हणतात, भिंती पुष्कळ झाल्या. याला परतफेड म्हणावं तर तेही जमत नाही, कारण प्रत्येक वेळी ते चहाबरोबर काहीतरी नवीन शिकवून पाठवतात आणि हिशोब पुन्हा त्यांच्याच बाजूला झुकतो. दादांच्या बोलण्याचं तर मी त्यांना सांगितलेलंच नाही. ते मॅटविषयी प्रश्न विचारत होते. मला काय मिळत होतं याची त्यांना कल्पना नाही.

आता त्यांच्या डोक्यात आडगाव आलंय. असईनंतर दोन महिन्यांनी, 29 नोव्हेंबर 1803ला वऱ्हाडात झालेली लढाई. तिसरी चादर धुऊन तयार आहे. मी दादांना म्हटलं, असईचंच शेड-कार्ड वापरते, माती काळीच की. दादा म्हणाले, "अजिबात नको. तिकडं अकोल्याकडं खारपाणपट्टा लागतो, माती निराळी. आन् नोव्हेंबर आहे, म्हणजे तूर फुलात. थांब, अकोल्याच्या व्याह्यांना विचारतो." आणि त्यांनी माझा फोन ठेवून तिकडे लावला.